रोबोट गाड्यांचे नियम बदलायचेत, पण बदलायचे कोणी आणि कधी?

खटपट्या
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी चाकणजवळच्या एका गोडाऊनचं सॉफ्टवेअर बघतो (नाव विचारू नका). आमच्याकडे एजीव्ही आहेत, म्हणजे ड्रायव्हर नसलेल्या बुटक्या गाड्या, रॅकच्या गल्ल्यांमधून क्रेट उचलून पॅकिंगला आणून देतात. वर बसून सगळ्यांना हलवणारा एक मेंदू नाहीये, प्रत्येक गाडी आपला रस्ता आपणच ठरवते. फक्त चौकात दोघी समोरासमोर आल्या की आधी कोण, एवढा नियम आम्ही घालून दिलेला.

पहिला नियम सोपा होता, उजवीकडून येणारीला आधी जाऊ द्यायचं. मस्त चाललेलं. दिवाळीच्या सीझनला एका रात्री चौकात चारी बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या आणि प्रत्येकीच्या उजव्या हाताला कोणीतरी आहेच की, त्यामुळे चौघी "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभ्या. शेवटी रात्रपाळीच्या पोराने एकीला लाथ घालून बाजूला केलं. मग नियम बदलला, जिचा नंबर लहान ती आधी. झालं, ४० नंबरची गाडी दिवसभर चौकातच मुक्कामाला. मग तिसरा नियम, भरलेली आधी, रिकामी नंतर. हा टिकला बरेच महिने. तेवढ्यात मॅनेजमेंटने दुसऱ्या कंपनीच्या १५ गाड्या आणल्या, आणि त्या बघावं तेव्हा भरलेल्याच! खोदून काढलं तेव्हा कळलं की त्यांच्या गाडीवर नुसता रिकामा क्रेट असला तरी ती "भरलेली" म्हणून सांगते. खोटं तरी कसं म्हणणार, क्रेट आहेच ना अंगावर.

आता साहेब कुठल्यातरी कॉन्फरन्समधे ऐकून आलेत की नियम सिस्टिमनेच शिकायचे आणि लागतील तसे बदलायचे. मला आयडिया वाईट वाटत नाही पण रात्री झोप लागत नाहीये. नियम बदलायचा हक्क कोणाचा? आणि बदलला की निम्म्या गाड्या जुन्या नियमाने आणि निम्म्या नव्या नियमाने चालल्या तर? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पुस्तकी_किडा
अरे वा, माझ्या पीएचडीच्या जखमेवर बोट ठेवलंस :)

आधी एक फरक कर डोक्यात. गाडीला चौकात शिरताच येणार नाही असं कुलूप कोडमधे घातलंस तर ती भिंत झाली, नियम नव्हे. नियम म्हणजे जो मोडता येतो, आणि मोडला तर काय होईल तेही ठरलेलं असतं. भिंत सुरक्षित असते पण तिला बदलायला गवंडी लागतो.

या क्षेत्रात ९० च्या दशकात शोहम आणि टेनेनहोल्ट्झ या दोघांनी एजंटांसाठी (म्हणजे आपले निर्णय आपणच घेणारे प्रोग्राम किंवा रोबोट) "सामाजिक कायदे" ही कल्पना मांडली, आणि गंमत म्हणजे त्यांचं उदाहरण तुझंच होतं, चौकटीच्या जाळ्यात फिरणारे रोबोट आणि त्यांची वाहतूक. पण ते कायदे आधी बसून, कागदावर, एकदाच ठरवायचे. त्यानंतर बार्सिलोनाजवळच्या आयआयआयए या एआय संशोधन संस्थेतल्या लोकांनी "इलेक्ट्रॉनिक संस्था" आणल्या, त्याची सुरुवात चक्क मासळीबाजारातल्या लिलावावरून झाली, कोण कधी बोलू शकतो, कोण कधी गप्प बसायचं, बोली लावली की माघार नाही, असं सगळं.

नियम चालता चालता शिकायचं जे तुझे साहेब म्हणतात ते बरंच नंतरचं. २०१३ मधे मोरालेस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयर्न नावाची पद्धत दाखवली, पुन्हा उदाहरण चौकातल्या गाड्यांचंच. सिस्टिम वरून बघत बसते, टक्कर झाली की त्या परिस्थितीसाठी एक नियम बनवते आणि मग दर नियमाला दोन प्रश्न विचारते. पाळल्यावरही टक्कर होते का? होत असेल तर नियम कुचकामी. आणि मोडल्यावर टक्कर होते का? होत नसेल तर नियम अनावश्यक, काढून टाक. मला हा दुसरा प्रश्न फार आवडतो, आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाला कोणीतरी विचारायला पाहिजे.

उगाच_शंका
सॉरी पण हे सगळं माणसांवरून उचललेलं वाटतंय. माणूस नियम पाळतो कारण त्याला लाज असते, चार लोक काय म्हणतील. रोबोटला कसली आलीय लाज? त्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीला "भरलेली" म्हणताना काय कानकोंडं वाटलं असेल का.

स्लो_लोकल
@उगाच_शंका लाजेचं माहीत नाही पण नियम परिपत्रकाशिवाय कसे जन्माला येतात ते बघायचं असेल तर सकाळी ८:१२ ला डोंबिवलीला ये. तीन जणींच्या बाकावर चौथी बसणार हे रेल्वेने कुठे लिहिलंय? आणि लेडीजमधे चढल्या चढल्या "कुठे उतरणार?" विचारून सीट बुक करायची, ठाण्याला उतरणारीची सीट तुझी, आणि मग तिसरी कोणी त्यावर बसली तर अख्खा डबा तिच्या अंगावर. लेखी काही नाही, नवीन मुलगी आठवड्याभरात शिकते.

आणि बदलतातही बरं का. २०२० ला फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांना लोकल होती, मी हॉस्पिटलात असल्याने जात होते, एक सोडून एक सीटवर फुल्या मारलेल्या. चौथी सीट गेलीच, तिसरीही गेली. कोणी ब्र काढला नाही. मग हळूहळू गर्दी वाढली, फुल्या पुसट झाल्या, आणि एके दिवशी एक बाई नुसती "जरा सरका" म्हणाली. तेवढंच. चौथी सीट परत आली, तारीखसुद्धा सांगता येणार नाही.

खटपट्या
@स्लो_लोकल भारी! पण बघा ना, तुमच्या डब्यात सगळ्याजणी एकमेकींना बघतायत. माझ्या गाडीला फक्त चौकात समोर आलेली दिसते. "जरा सरका" कोण म्हणणार?

रनवे२७
मी एअर ट्रॅफिक कंट्रोलमधून निवृत्त झालो, त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न (निम्मे जुन्या, निम्मे नव्या नियमाने) वाचून अंगावर काटा आला. थोडं लांबेल, पण लिहितो.

विमानात टीकास नावाचं यंत्र असतं. दोन विमानं जवळ येऊ लागली की दोन्हीकडची यंत्रं आपसात बोलून ठरवतात, एकाने वर जायचं, एकाने खाली. जमिनीवरच्या माणसाला त्यात विचारत नाहीत. म्हणजे तुमच्या भाषेत दोन एजंटांनी जागच्या जागी केलेला करार. आणि त्याच आकाशात दुसरा, खूप जुना नियम होताच, कंट्रोलर सांगेल ते ऐकायचं. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर. दोघांचं पटलं नाही तर काय, हे मात्र सगळीकडे एकसारखं लिहिलेलं नव्हतं.

३१ जानेवारी २००१, जपान. एकाच कंपनीची दोन विमानं, एक ७४७ आणि एक डीसी १०. कंट्रोलरने चुकून ७४७ ला खाली यायला सांगितलं. टीकासने ७४७ ला सांगितलं वर जा, डीसी १० ला सांगितलं खाली जा. डीसी १० ने यंत्राचं ऐकलं, ७४७ ने माणसाचं ऐकलं. दोन्ही खाली. शेवटच्या क्षणी वैमानिकांनी डोळ्याने बघून टाळलं, ७४७ मधले बरेच प्रवासी जखमी झाले पण विमानं वाचली. जपानने हा प्रश्न वर मांडला.

मांडला, आणि १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर तेच झालं. रशियाहून बार्सिलोनाला निघालेलं तुपोलेव १५४, त्यात बहुतेक शाळकरी मुलं, आणि एक मालवाहू ७५७. झुरिकला कंट्रोलर एकटा, दोन टेबलं सांभाळत होता, त्याने तुपोलेवला खाली यायला सांगितलं. टीकासने तुपोलेवला वर सांगितलं, ७५७ ला खाली. ७५७ ने यंत्राचं ऐकलं, तुपोलेवने माणसाचं. ७१ जण गेले. एकही वाचला नाही.

सतरा महिन्यांपूर्वीचा इशारा होता हो. नियम काय हवा हेही साधारण सगळ्यांना कळत होतं. युबरलिंगेननंतर मग आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वच्छ लिहिलं गेलं की टीकासचा आदेश आला की तोच पाळायचा, कंट्रोलर उलट सांगत असला तरी. नंतर यंत्राच्या आवृत्ती ७.१ मधेही बदल केले, समोरचा ऐकत नाहीये असं दिसलं तर आपला आदेश उलटा फिरवायची अक्कल सुधारली. म्हणजे "समोरचा नियम पाळेलच" हे गृहीत धरणं सोडलं. हा मुद्दा तुमच्या गाड्यांसाठी लिहून ठेवा.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीला ३४९ माणसं गेली तेव्हा विमानात हे यंत्र सक्तीचं नव्हतं. नंतर केलं.

पुस्तकी_किडा
काका, सुन्न झालो वाचून. लेक्चरमधे मी "नियमांमधला संघर्ष" म्हणून दोन स्लाइड दाखवायचो.

उगाच_शंका
+१ रनवे२७ काका. शंका मागे घेत नाही पण आवाज कमी करतो.

गोथेनबर्गकर
निम्मे जुने निम्मे नवे या प्रश्नाचं माझ्या सध्याच्या गावचं उत्तर: निम्मे होऊच द्यायचे नाहीत. स्वीडनमधे गाड्या डाव्या बाजूने चालायच्या, आजूबाजूचे देश उजवीकडून, आणि गाड्यांचं स्टिअरिंगही बहुतेक डावीकडेच. १९५५ ला लोकांना विचारलं तर ८३ टक्के लोक नको म्हणाले. तरी १९६३ ला संसदेने ठरवलं. मग चार वर्षं तयारी, आणि ३ सप्टेंबर १९६७, रविवार, पहाटे ४:५० ला रस्त्यावर जी काय वाहनं असतील त्यांनी थांबायचं, हळूच उजवीकडे सरकायचं, आणि पुन्हा थांबायचं. ५:०० वाजता निघायचं. खाजगी गाड्यांना तर रात्रीपासूनच बंदी होती. पाट्या आधीच लावून झाकून ठेवलेल्या, रातोरात उघडल्या. बसचे दरवाजे दुसऱ्या बाजूला केले, ज्यांचे जमले नाहीत त्या बस डावीकडून चालणाऱ्या देशांना विकल्या.

आणि मजा म्हणजे सुरुवातीला अपघात कमी झाले! सगळे इतके घाबरून चालवत होते. मग सवय झाली आणि आकडे पुन्हा होते तिथे आले.

ती दहा मिनिटं मला फार आवडतात. त्या दहा मिनिटांत कुठलाच नियम नाही, फक्त "थांबा" आहे.

पडेल_शेअर
शेअर बाजार पण हेच की. निम्मी ट्रेडिंग आता अल्गो (आपोआप खरेदी-विक्री करणारे प्रोग्राम) करतात, एकमेकांना बघून विकतात. आपल्याकडे २००१ पासून इंडेक्सला सर्किट आहे, १०, १५, २० टक्के, हललं की बाजार बंद, गार व्हा. मार्च २०२० ला दोनदा लागलं, १३ ला आणि २३ ला. पण ५ ऑक्टोबर २०१२ आठवतंय? कोणीतरी चुकीच्या ऑर्डरी टाकल्या आणि निफ्टी काही क्षणांत ९०० अंक खाली. सर्किट लागेपर्यंत ऑर्डरी होऊन गेलेल्या. मग पुढच्या काळात सेबीने नियम कडक केले, ऑर्डर बाजारात जायच्या आधीच तपासायची वगैरे. दर वेळी अपघात आधी आणि नियम नंतर, माझा पोर्टफोलिओ मधल्यामधे.

(अवांतर: माझा आयडी उगाच नाहीये.)

पाटकरी
धुळ्याहून बोलतो. आमच्या पांझरेवर फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षांची म्हणतात. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, अख्ख्या फडात एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना पगार गावाचा. सरकारचा नाही.

वरती सगळे म्हणतात नियम कसा बदलायचा. आमच्याकडे बदल नियमातच आहे. पाणी किती आलं ते बघून दरवर्षी ठरतं कुठल्या फडाला ऊस, कुठल्याला हंगामी, कुठला कोरडा. दुष्काळ पडला तर एक आख्खा फड सोडून देतात. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली, म्हणून सोडलेल्या फडात माझंही नुकसान आणि पाटलाचंही. त्यामुळं भांडण कमी. ज्याचं नुकसान नाही त्याने नियम बदलला की लोक रात्री दार उचकटतात, पाण्याचं दार म्हणतोय.

आता बऱ्याच ठिकाणी हे मोडत आलंय, वरती धरणं झाली, विहिरी झाल्या, ज्याला विहीर आहे त्याला पाटकऱ्याची गरज काय.

पुस्तकी_किडा
@पाटकरी तुम्ही जे लिहिलंत त्यासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी स्वित्झर्लंडच्या टोरबेल गावची कुरणं, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाट, अशी शेकडो वर्षं टिकलेली उदाहरणं अभ्यासून आठ तत्त्वं काढली. त्यातलं एक असं की ज्यांना नियम लागू आहे त्यांना तो बदलण्यात भाग घेता आला पाहिजे. दुसरं, शिक्षा पायरीपायरीने वाढवायची, पहिल्याच चुकीला गावाबाहेर काढायचं नाही. आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधे जेरेमी पिट आणि मंडळींनी ही तत्त्वं चक्क कोडमधे उतरवून एजंटांना दिली, की घ्या, तुम्हीच ठरवा वाटणी.

@खटपट्या म्हणून माझं म्हणणं, तुझी दुसरी कंपनी ही विहीरवाली आहे. तिच्या गाड्या चौकात उभ्या राहिल्या तर तिचं काहीच जात नाही, तिचं बिल फेऱ्यांवर निघतं, बरोबर?

खटपट्या
बरोबर. फेऱ्यांवर. आता लक्षात आलं.

उगाच_शंका
म्हणजे माझीच शंका खरी निघाली :) गाडी शिकत नाहीये, कंपनी शिकतेय. तुम्ही कितीही हुशार नियम बनवा, पुढच्या महिन्याच्या अपडेटमधे ते त्यातली फट शोधणार. एका बाजूने सिस्टिम आपोआप शिकणार आणि दुसऱ्या बाजूला पगारी माणसं बसलीत, मॅच बरोबरीची नाही.

पुस्तकी_किडा
हे मात्र मान्य. संशोधनाच्या पेपरांमधे एजंट बहुतेक आपल्याच घरचे असतात.

खटपट्या
(तीन महिन्यांनी) धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

काय केलं ते सांगतो. एक, प्रत्येक गाडी चौकात येताना आपण नियमांच्या कितव्या आवृत्तीवर आहोत ते सांगते. दोघींची आवृत्ती जुळली नाही तर कुठलाच नियम नाही, दोघींनी थांबायचं आणि पॅकिंगच्या बाजूची आधी निघणार, हे कोणी बदलू शकत नाही, ही भिंत. (गोथेनबर्गकर, ही तुमची दहा मिनिटं. आणि काका, टीकासचं वाक्य प्रिंट काढून टेबलावर चिकटवलंय.) दोन, नवीन नियम फक्त रविवारी, गाड्या चार्जिंगला असताना. सिस्टिमला आठवडाभर काय शिकायचं ते शिकू दे, पण ते यादीत टाकायचं, लागू रविवारीच, आणि त्या मीटिंगला दुसऱ्या कंपनीचा माणूस बसणार. पहिल्यांदा तो आला तेव्हा चहा पिऊन गेला. बिल फेऱ्यांऐवजी वेळेत पोचलेल्या मालावर काढायला लागल्यापासून वही घेऊन येतो. तीन, "भरलेली" सांगून वजनकाट्यावर रिकामी निघाली तर पुढच्या दहा चौकांत तिचं म्हणणं धरायचं नाही, पुन्हा केलं तर वीस. गाड्या शहाण्या झाल्या की कंपनी, ते उगाच_शंका यांनी ठरवावं.

पण एक झालंच. आमच्याकडे एक फोर्कलिफ्टवाले मामा आहेत, वीस वर्षं तिथेच, ते मागच्या गल्लीतून हॉर्न मारत सरळ येतात, बाकी कुठला नियम त्यांना लागू नाही. सिस्टिमने आपणहून शिकलं होतं की त्या चौकात सकाळच्या शिफ्टला शिरायच्या आधी जरा थांबायचं. आम्ही कोणी ते लिहिलेलं नव्हतं, मला तर यादीत बघून हसूच आलं. गेल्या महिन्यात मामा पुतणीच्या लग्नाला पंधरा दिवस गावी गेले. गाड्या थांबत राहिल्या, काही गाड्या चुकून थांबल्या नाहीत, टक्कर काही झाली नाही. पुस्तकी_किडाचा तो आवडता दुसरा प्रश्न आठवतोय ना? मोडूनही टक्कर नाही, म्हणजे नियम अनावश्यक. रविवारच्या यादीत आला, मीच सही केली, काढून टाकला.

सोमवारी मामा आले. दोन गाड्या गेल्या, मामांना काही झालं नाही, क्रेटमधल्या काचेच्या बरण्यांचा मात्र चुरा.

पुस्तकी_किडा
बाप रे. पंधरा दिवसांचा डेटा बघून काढला? मोठी खिडकी ठेवायची, निदान दोन-तीन महिन्यांची.

रनवे२७
खिडकी मोठी केलीत तरी कोणी तीन महिने रजेवर जाईलच. नियम कशामुळे आला ते त्याच्या शेजारी लिहून ठेवा. आमच्याकडे प्रत्येक ओळीमागे एक अपघात असतो आणि जुन्या लोकांना तो माहीत असतो.

खटपट्या
काका, तेच करतोय आता, पण सिस्टिमला मामा माहीतच नाहीत. तिच्या दृष्टीने तिथे "सकाळी ७ ते ३, पूर्वेकडून, मोठी वस्तू" एवढंच आहे.

स्लो_लोकल
मामांना विचारलंत का कोणी, त्यांचं काय म्हणणं?

खटपट्या
विचारलं. म्हणाले, "हॉर्न तर मी वाजवलाच होता."